सौंसर ते पचमढी : एक मुक्काम वाटेवरचा

पचमढी पाहिली नाही असा सौंसरकर विरळाच. कोणी महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढून आले, कोणी श्रावणात नागद्वारीची यात्रा केली, तर कोणी लग्नानंतरची पहिली सहल तिथेच काढली. परंतु वाटेत काय पाहिले, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर छिंदवाड्याच्या चहापाशी संपते. पहाटे अंधारात निघावे, दुपारपर्यंत पचमढी गाठावी आणि तिसऱ्या दिवशी रात्री परतून दुसऱ्या सकाळी दवाखाना उघडावा, हा आपल्या व्यवसायबंधूंचा रिवाज. या घाईत सुमारे दोनशे किलोमीटरची एक विलक्षण वाट आपण केवळ ओलांडून जातो.

जर्मनीत व्ह्युर्त्सबुर्ग ते फ्युसेन या दोन गावांना जोडणाऱ्या मार्गाला १९५० मध्ये ‘रोमँटिक रस्ता’ असे नाव देण्यात आले. नवा रस्ता बांधला नव्हता. होते तेच रस्ते जोडून, रोथेनबुर्ग आणि डिंकेल्सब्युलसारखी तटबंदीची जुनी गावे प्रवाशांपुढे मांडली गेली. पोहोचणे हे तिथे दुय्यम, वाटेत थांबणे हीच सहल. आपल्याकडे ‘महादेवाला जाणे’ या शब्दांत हाच अर्थ होता. वाडवडील पायी किंवा बैलगाडीने जात, तेव्हा वाटेतले मुक्काम हा यात्रेचाच भाग असे. जुन्नारदेवजवळचे देवस्थान तर आजही ‘पहिली पायरी’ म्हणून ओळखले जाते. महादेवाचा डोंगर अजून दूर, पण चढण मनात तिथूनच सुरू होत असे.

म्हणून या सहलीची आखणी करताना माझे एकच आग्रहाचे सांगणे आहे: पहिला मुक्काम पचमढीला न करता तामियाला करावा. बाकी सारे वेळापत्रक त्याभोवती बसवता येते.

सकाळी सातच्या सुमारास संत्र्यांच्या बागांमधून निघावे. आपण जिथे राहतो त्या भूमीचे नाव भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत आहे, हे आपल्या मुलांना बहुधा ठाऊक नसते. मँगनीजयुक्त अतिप्राचीन खडकांच्या एका मालिकेला ‘सौंसर समूह’ असेच म्हणतात. पुढे रामाकोना लागते. आदिवासी पुढारी बादल भोई यांना १९३० मध्ये जंगल कायदा मोडल्याबद्दल इंग्रज सरकारने याच गावी अटक केली. १९४० मध्ये तुरुंगातच त्यांचा अंत झाला. सिल्लेवानीचा घाट कोवळ्या उन्हात चढावा. नॅरोगेजची गाडी होती तेव्हा हा प्रदेश खिडकीतून निवांत न्याहाळता येई. ती गाडी २०१५ मध्ये बंद झाली. आताची ब्रॉडगेज गाडी सोयीची खरी, पण पूर्वीची सवड तिच्यात नाही.

छिंदवाड्यात न्याहारी आणि बादल भोई यांच्या नावाचे आदिवासी संग्रहालय, एवढेच पुरे. संग्रहालय १९५४ पासूनचे आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या नव्या वास्तूचे लोकार्पण झाले. गोंड आणि भारिया यांची घरे, अवजारे, दागिने आधी इथे पाहिले, तर पुढच्या प्रवासात दिसणारी माणसे अनोळखी वाटत नाहीत.

नंतर परासिया, म्हणजे कोळशाचा मुलूख. येथून जाताना आपल्या व्यवसायातील कोणाचेही मन जड झाल्यावाचून राहत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विषारी द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधाने या परिसरातील वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. सहलीच्या लेखात हा उल्लेख कदाचित विसंगत वाटेल. परंतु रस्ता त्याच गावातून जातो.

परासिया मागे पडले की चढ सुरू होतो, हवा बदलते, आणि दुपारी आपण तामियाला असतो. छिंदवाड्यापासून हे अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरच. तरीही येथे थांबायचे, कारण सरकारी विश्रामगृहाजवळच्या कड्यावरून दिसणारी संध्याकाळ. समोर एकामागे एक निळसर होत गेलेल्या सातपुड्याच्या रांगा, त्यांत महादेवाचा डोंगर आणि चौरागड. उद्या जिथे जायचे ते स्थळ आदल्या सायंकाळी असे दुरून दिसणे, हे दर्शनच होय. घरातील ज्या वडीलधाऱ्यांना आता चौरागडच्या हजाराहून अधिक पायऱ्या झेपणार नाहीत, त्यांच्यासाठी तर हा कडा वरदान आहे. हृदयविकार किंवा गुडघ्यांचे दुखणे असलेल्या किती वृद्धांना आपण दर वर्षी ‘यंदा महादेव नको’ असे सांगतो, आणि त्यांचा चेहरा उतरलेला पाहतो! त्यांना तामियाच्या कड्यावर खुर्ची टाकून बसवावे. तिथून हात जोडले गेले, तर ते महादेवाला पोहोचले नाहीत असे म्हणण्याचा अधिकार निदान आम्हा डॉक्टरांना नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छिंदीमार्गे पाताळकोट. बारा गावे पोटात घेतलेली ही दरी बाराशे ते पंधराशे फूट खोल असून तिचा विस्तार सुमारे ७९ चौरस किलोमीटर आहे. तळाशी दूधी नदी आणि भारियांची वस्ती. वृद्धांनी कड्यावरूनच पाहावे. तरुणांनी खाली उतरावे, पण कोणाच्या अंगणात कॅमेरा रोखून उभे राहू नये. वाटेवर मिळाल्यास मध आणि चारोळी अवश्य घ्यावी. मुळ्या आणि साली विकत घेऊन घरी काढा उकळण्याचा मोह मात्र आवरावा. येथील भुमकांना वनस्पतींची जी जाण आहे ती पुडीत बांधून मिळत नाही.

तामियाहून पुढचा देलाखारी ते मटकुलीचा टप्पा दिवसाउजेडीच करायचा. वळणे पुष्कळ, वस्ती विरळ, मोबाइलचा भरवसा कमी. पण याच टप्प्यात एक नवल आहे. आपल्याकडचे जंगल सागाचे; देलाखारीच्या खोऱ्यात अचानक सालवृक्ष उभे राहतात. मुख्य सालवनापासून दूर, पश्चिमेला एकटेच राहिलेले हे बेट कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांच्याही नजरेतून सुटले नव्हते. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मध्य भारतावरील ग्रंथात त्याची नोंद आहे. गाडी थांबवून पाच मिनिटे खाली उतरावे. सागाचे रुंद खरखरीत पान आणि सालाचे चकचकीत पान यांतला फरक मुलांना हातात देऊन दाखवावा. मटकुलीला देनवा ओलांडली की पचमढीचा घाट सुरू होतो.

पचमढीचे वर्णन येथे करीत नाही, ते सर्वांना पाठ आहे. इतकेच ध्यानात ठेवावे की धूपगड (१३५२ मीटर) आणि वनक्षेत्रातील इतर स्थळांकडे स्वतःची गाडी नेता येत नाही. परवानगी घेऊन तेथील जिप्सीच करावी लागते.

काही व्यावहारिक गोष्टी. छिंदवाड्यात वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये सुरू झाले. त्यापुढे मोठ्या रुग्णालयाची सोय नाही, हे धरूनच नेहमीची औषधे, ग्लुकोमीटर आणि रक्तदाबाचे यंत्र सोबत असावे. घाटात मळमळणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यावी, वळणे सुरू झाल्यावर नव्हे. गाडीची टाकी छिंदवाड्यातच भरावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात शोभा अपूर्व असते, पण तामियाच्या कड्यावर धुक्यापलीकडे काही दिसेलच असे नाही. दोनच दिवस हाती असतील तर तामिया आणि पाताळकोट पाहून परत फिरावे. पचमढी घाईघाईने उरकण्यापेक्षा ते बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चौथा दिवस मिळाला तर परतताना पिपरिया, इटारसी, बैतूल असा वळसा घ्यावा. अंतर वाढते, पण मुलताईला तापीच्या उगमावर पाय मोकळे करता येतात, आणि तिथून पांढुर्ण्यामार्गे घर जवळच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र हा मार्ग टाळावा. त्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार असते, आणि आपल्यापैकी कित्येकांची सहल तेव्हा जखमांना टाके घालण्यातच संपते.