पेटी तीच, दस्ता तोच!

खंडेनवमीला नारायणगडाच्या परिसरातल्या गावांत चक्कर मारा. बीड तालुक्यातला हा गड म्हणजे संत नगद नारायण महाराजांचं ठाणं, पंचक्रोशीची धाकटी पंढरी. त्या दिवशी घरोघरी पाटावर कोयता, विळा, कुऱ्हाड, पहार धुऊन-पुसून मांडलेली असते. वर हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांची वाट धरणार, म्हणून कोयत्याचा मान सगळ्यांत मोठा. जरा वाकून त्याची मूठ बघा. पातं लोहाराने कितीही झकास काढलेलं असो, मूठ हलत असेल तर दिवस मावळेपर्यंत तळहाताला फोड येतात. लाकूड आणि लोखंड यांचं आधी जमावं लागतं, मग काम.

आजची सगळी गंमत अशाच एका लाकडाची आहे: जुन्या लष्करी पिस्तुलाच्या मागे जोडायचा, खांद्याला टेकवायचा सुटा दस्ता. जगभरचे संग्राहक त्याच्या मागे वेडे आहेत, आणि मला विचाराल तर ते वेड रास्त आहे. पिस्तूल कोणीही ओळखतो. दस्ता ओळखायला नजर लागते.

पिस्तुलाला दस्ता कशाला?

घोडेस्वार, तोफेवरचे गोलंदाज, गाडीवान, खलाशी. यांचे हात मूळ कामात गुंतलेले, लांब बंदूक त्यांना अडचणीची. पिस्तूल सुटसुटीत, पण हात किंचित हलला की पन्नास पावलांवर नेम हुकतो. मग तोडगा निघाला: लाकडाचा सुटा दस्ता. जोडला की दोन हात आणि खांदा असा तीन ठिकाणी आधार मिळतो, काढला की पुन्हा कमरेचं पिस्तूल.

अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड कारखान्यात १८५५ च्या नमुन्याची अशी ४,०२१ पिस्तुलं झाली. कोल्ट कंपनीने त्याहून भारी शक्कल लढवली. त्यांच्या काही दस्त्यांच्या पोटात पाण्याची चपटी बाटली बसवलेली असे! तहान लागली की बूच काढायचं आणि दस्ता तोंडाला लावायचा.

पेटीची जादू

आता या खेळातला राजा: माउझर सी-९६. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फचं, १८९६ पासूनचं. त्याचा दस्ता एकदा जवळून बघाच. अक्रोडाच्या लाकडाची आतून कोरलेली पेटी, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेलेली. रुंद टोकाला बिजागरीचं झाकण, कळ दाबली की उघडतं. पिस्तूल नळीकडून आत सरकवायचं, झाकण टिचकन बंद, पेटी कमरेला. वेळ आली की पिस्तूल बाहेर काढायचं, पेटी उलटी फिरवायची आणि निमुळत्या टोकाची लोखंडी जीभ पिस्तुलाच्या मुठीतल्या खाचेत सरकवायची. खट्! म्यान होतं त्याचा दस्ता झाला. ज्या झाकणातून पिस्तूल आत गेलं होतं, तेच झाकण आता खांद्याला टेकतं. एका वस्तूची दोन कामं, एक तुकडा फुकट नाही.

चिनी लोकांनी या पिस्तुलाचं नाव पिस्तुलावरून ठेवलंच नाही. ते त्याला ‘पेटी-तोफ’ म्हणायचे. इंग्रजीत मात्र गोल दांडीसारख्या मुठीवरून ते झाडूची दांडी झालं. सिनेमाचे शौकीन असाल तर हान सोलोला आठवा: ‘स्टार वॉर्स’मधलं त्याचं किरणं फेकणारं हत्यार खऱ्या माउझरवरच साज चढवून तयार केलं होतं.

सातवी बैलगाडी

ही पेटी आपल्या देशाच्या इतिहासात कशी शिरली, ती हकिकत मी कितीदाही सांगायला तयार आहे.

२६ ऑगस्ट १९१४, कलकत्ता. रोडा नावाच्या बंदूकविक्रेत्या कंपनीचा माल बंदरात आला होता. कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र तो सोडवायला गेला. एकूण २०२ खोकी, सात बैलगाड्या. सहा गाड्या कंपनीच्या गोदामात पोचल्या. सातवी पोचलीच नाही. तिच्यावर गाडीवानाच्या वेषात बसलेला हरिदास दत्त हा क्रांतिकारक होता, आणि कारकूनही त्यांच्यातलाच! गोदामात १९२ खोकी मोजली गेली. गायब झालेल्या दहा खोक्यांत ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं होती. दिवसाढवळ्या, बैलांच्या चालीने, घुंगरांच्या आवाजात.

चार वर्षांनी, १९१८ साली, रौलट समितीचा अहवाल आला. रौलट म्हटलं की आपल्याला काळा कायदा आठवतो. पण त्याच अहवालात सरकारने या लाकडी पेटीची मुद्दाम दखल घेतली आहे: पिस्तूल ज्या पेटीत येतं तीच मुठीला जोडली की बंदुकीसारखं खांद्यावरून झाडता येतं. त्यातल्या ४४ पिस्तुलांची बंगालमधल्या नऊ गटांत लगोलग वाटणी झाली आणि पुढच्या ५४ घटनांत ती वापरली गेली, असा हिशेबही त्यात आहे. साम्राज्याची झोप उडवणाऱ्या गोष्टींत अक्रोडाचं लाकूड होतं, हे वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो.

९ सप्टेंबर १९१५ रोजी ओडिशात बालासोरजवळ बंगाली क्रांतिकारक बाघा जतीन आणि त्यांचे चार साथीदार पोलिसांच्या मोठ्या फौजेसमोर उभे ठाकले. पाच जण, हातात माउझर. साथीदार चित्तप्रिय जागीच गेला, जतीन दुसऱ्या दिवशी इस्पितळात.

आणि आपली माणसं?

नाशिकचा १९०९ चा जॅक्सनवधाचा प्रसंग आठवा. अनंत कान्हेरे शिकायला औरंगाबादला होता, म्हणजे आपल्या मराठवाड्यातच, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात. २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन ‘संगीत शारदा’ बघायला आला, तेव्हा अनंताच्या हातात ब्राउनिंग पिस्तूल होतं. सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्या वीस ब्राउनिंगांची ती हकिकत. चतुर्भुज अमीनने ती सामानाच्या पेटीच्या चोरतळात लपवून आणली होती. दस्ता नाही, काही नाही, कोटाच्या आत मावणारं. गर्दीच्या नाट्यगृहात पेटीवाल्या माउझरचा उपयोग काय? काम बदललं की हत्यार बदलतं.

काकोरीच्या रेल्वेलुटीत, ९ ऑगस्ट १९२५ रोजी, पुन्हा माउझरच होती. त्या खटल्यात दहा वर्षांची सजा झालेले रामकृष्ण खत्री मूळ आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे. बीडहून चिखली काही फार लांब नाही, पण शाळेतल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे?

ओळखायचं कसं?

पोकळ पेटी असेल तर बहुधा माउझरच्या गोतावळ्यातली. चपटी फळी असेल आणि तिला चामड्याचं म्यान जोडलेलं असेल तर नजर जर्मन लुगर पिस्तुलाकडे वळवा. पहिल्या महायुद्धात जर्मन तोफखान्याला दिलेलं लांब लुगर, २०० मिलिमीटर नळीचं, अशाच फळीवर बसे. त्याला ३२ गोळ्यांचं गोल, गोगलगायीसारखं मॅगझिनही लावता येई. जोडाकडे बघा: माउझरच्या मुठीत खाच असते, लुगरच्या मुठीला उंचवटा. म्हणजे दस्त्याचं लोखंड एकीकडे आत शिरतं, दुसरीकडे वरून बसतं. एवढ्यावर निम्मा निकाल लागतो.

माउझरच्या मुठीत कोरलेला मोठा लाल ‘९’ दिसला तर ते पहिल्या महायुद्धातलं, नऊ मिलिमीटरचं. जर्मन सैन्याने तशी दीड लाख मागवली होती. सैनिकाने सवयीने ७.६३ मिलिमीटरची गोळी भरू नये म्हणून हा आकडा. रौलटच्या अहवालात .३०० बोअर लिहिलंय ते याच ७.६३ चं इंग्रजी माप.

कॅनडातल्या इंग्लिस कंपनीने दुसऱ्या महायुद्धात चीनसाठी केलेल्या ब्राउनिंगलाही लाकडी पेटी आहे. इंग्लिसचं नाव पुढे कपडे धुण्याच्या यंत्रांवर झळकलं! आपल्या लष्करासाठी ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं नऊ एमएम पिस्तूल याच इंग्लिसच्या वंशातलं, फक्त पेटी मागे राहिली. रशियाचं स्टेचकिन १९५१ चं, वीस गोळ्यांचं, त्याचीही पेटीच दस्ता. आणि १९७० च्या जर्मन व्हीपी-७० मध्ये तर एकदम तीन गोळ्या झाडायची कळच दस्त्यात बसवलेली. दस्ता काढलात की ती सोय बंद.

संग्राहकाला खरा घाम फुटतो तो नंबरांपाशी. माउझरच्या दस्त्याच्या मानेवरच्या लोखंडावर नंबर ठोकलेला असला आणि तो पिस्तुलाच्या नंबराशी जुळला, तर जोडी अस्सल. रोडाच्या पिस्तुलांचेही नंबर कंपनीच्या दप्तरी होते, त्यावरूनच पोलीस एकेक पिस्तूल ओळखत गेले. सुटे दस्ते नव्याने बनवून विकणारे पुष्कळ आहेत, म्हणून पेटी उघडून आत बघायचं. जुन्या पेटीत पिस्तूल वर्षानुवर्षं एकाच जागी घासून लाकूड काळवंडलेलं, गुळगुळीत झालेलं असतं, तेलाचा जुनाट वास असतो. सगळीकडे सारखा रंग फासलेला दिसला की समजावं.

माळ्यावर सापडली तर

जुन्या वाड्याच्या माळ्यावर कधी शेंगेच्या आकाराची, एका टोकाला लोखंडी जीभ असलेली लाकडी पेटी हाती लागली, तर तिला पॉलिश पेपर लावू नका, वॉर्निश तर नकोच. नंबर घासला गेला की तिची कुळकथा गेली. आत पिस्तूल असेल तर हातही न लावता पोलीस ठाण्याला कळवायचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्त करूनही न चालणाऱ्या, पुरातन मोलाच्या हत्यारांना सवलत आहे, पण ‘हे चालत नाही’ हे ठरवणारे आपण नव्हे. शंभर वर्षं उलटलेली वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेषात मोडते, ती परस्पर परदेशी धाडता येत नाही. १९१४ चं माउझर त्यात कधीच जाऊन बसलंय.

पेटी रिकामी असेल तर झाकणाची कळ हलकेच दाबा, उजेडात धरा आणि आतल्या लाकडावरचा घासल्याचा डाग शोधा. नळी कुठवर यायची, मूठ कुठे टेकायची, सगळं तिथे उमटलेलं असतं.