लाख, सिलिकॉन आणि पद्मिनीचं हेड

प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे बाद झाली. हौशी मालकांच्या खासगी पद्मिन्या मात्र अजून धावतात आणि त्यांच्याखाली बहुधा तेलाचा एक डागही असतो. जुनी गाडी म्हणजे गळणारच, असं मानून पॅकिंग बदलताना अनेक ठिकाणी ट्यूबभर सिलिकॉन थापलं जातं. गळती पुन्हा सुरू झाली की दोष पॅकिंगला. प्रत्यक्षात चुकते ती लेपाची, म्हणजे सीलंटची, निवड.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीचं फियाट घराण्यातलं इंजिन १०८९ सीसीचं. त्याचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोन्ही धातूंचे ४० सें.मी. लांबीचे तुकडे ७० अंशांनी तापवले, तर त्यांच्या वाढीत सुमारे ०.३ मि.मी.चा फरक पडतो. म्हणजे इंजिन तापताना आणि निवताना दर वेळी हेड ब्लॉकवर किंचित सरकतं. अशा सांध्यावर कडक होणारा लेप तडकणारच. हेड पॅकिंग बहुतेकदा कोरडंच बसवायचं, उत्पादकाने सांगितलं असेल तेवढाच लेप द्यायचा. त्याआधी हेडवर सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून बाक तपासायचा. वाकलेलं हेड कोणतीही ट्यूब सरळ करत नाही, त्यासाठी फेसिंगच (पृष्ठ घासून सपाट) करावं लागतं. बोल्टही मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळायचे.

कागदी पॅकिंगसाठी जुने मिस्त्री शेलॅक वापरत. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांची लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ते बनतं. पेट्रोल आणि इंजिन ऑइल त्याला विरघळवू शकत नाहीत, स्पिरिट विरघळवतं. त्यामुळे सांधा पुन्हा उघडून साफ करता येतो. मात्र सुकल्यावर ते ठिसूळ होतं. म्हणून टायमिंग कव्हरसारख्या घट्ट, न हलणाऱ्या जोडाला ते चालतं, हेडला नाही.

हायलोमार हे रोल्स रॉइसच्या विमान इंजिनांसाठी विकसित झालेलं संयुग. ते कधीच कडक होत नाही, चिकट राहतं आणि पेट्रोल, तेल, पाणी तिन्ही सोसतं. दोन्ही पृष्ठांवर पातळ थर द्यायचा, त्यातला द्राव उडून जाऊ द्यायचा आणि मगच जोडायचं. पुन्हा उघडावे लागणारे जोड क्लासिक गाडीत पुष्कळ असतात. तिथे हे फार उपयोगी.

सिलिकॉनची जागा वेगळी. तेलाच्या पत्र्याच्या चेंबरचे कोपरे, दोन पॅकिंग जिथे भेटतात ती फट, अशा ठिकाणी ते खरंच कामाचं. पण ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा वास आला, तर सुकताना ते ॲसेटिक ॲसिड सोडतंय असं समजावं. धातूला ते बाधू शकतं. म्हणून ॲसिड न सोडणारा न्यूट्रल क्युअर प्रकार घ्यावा. कार्बोरेटरजवळ सिलिकॉन नकोच, पेट्रोलने ते फुगतं. एक्झॉस्टवरही नको, तिथलं तापमान त्याच्या सोसण्यापलीकडचं. आणि थर जाड झाला की आत दाबला गेलेला भाग सुटून तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतो. बाहेर दिसणारी सिलिकॉनची नीटस किनार म्हणजे आतही तसेच धागे लोंबत असल्याची जाहिरात समजावी.

ॲनेरोबिक सीलंट हवा नसताना, धातूच्या सान्निध्यात घट्ट होतं. मशीनिंग केलेल्या, कडक, सुमारे पाव मिलिमीटरपर्यंतच्या फटीत ते उत्तम. लवचिक पत्र्याच्या कव्हरला ते साजत नाही.

टॅपेट कव्हरच्या कॉर्क पॅकिंगची तक्रार नेहमीची. कव्हरचा पत्रा बोल्टांभोवती खाली दबलेला असतो आणि दोन बोल्टांमधला भाग सैल राहतो. पत्रा सपाट लाकडावर ठेवून हातोडीने ठोकून समतल केला की निम्मं काम होतं. बोल्ट जास्त आवळले तर कॉर्क चिरडतो. जुनं पॅकिंग खरवडताना आणखी एक काळजी: त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते कोरडं घासू नये. ओलं करून काढावं आणि धूळ उडू देऊ नये.

सीलंट निवडताना प्रश्न चार: आत कोणता द्रव, तापमान किती, सांधा हलतो का, आणि तो पुन्हा उघडावा लागेल का. नव्या गाडीत चौथा प्रश्न क्वचित पडतो. पन्नास वर्षांच्या गाडीत तोच पहिला ठरतो. एखादा जोड कायमचा चिकटवला, तर पुढच्या मिस्त्रीला छिन्नी घ्यावी लागते आणि ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो. नवी गळती तिथूनच सुरू होते. म्हणून कुठल्या सांध्याला काय लावलं, याची नोंद गाडीच्या वहीत तारखेसह करावी. इंजिन पुन्हा उघडेल तेव्हा तीच नोंद मिस्त्रीच्या उपयोगी पडेल.