जॉब कुठवर आला?

न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यातली मध्यरात्र असते, तेव्हा पुण्यात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. अमेरिकी बँकांची आणि विमा कंपन्यांची दिवसभराची आकडेमोड, म्हणजे व्याज, हप्ते, खातेउतारे, अशाच वेळी मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर चाललेली असते. तिच्यावर नजर ठेवणारी कितीतरी मंडळी हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसलेली असतात. त्यांच्या आणि त्या दूरच्या यंत्राच्या मध्ये आताशा बरेचदा एक छोटा प्रोग्राम असतो. तो समुद्रापार विचारतो, ‘जॉब००१२३ चं काय झालं?’ आणि क्षणात उत्तर येतं: मालक अमुक, स्थिती आउटपुट, निकाल सीसी ००००, टप्पा २०.

या टप्पा २० पाशी मी दर वेळी थबकतो. त्याचा खुलासा त्याच उत्तरात एका इंग्रजी वाक्यात दिलेला असतो. अर्थ असा, की हा जॉब कागदावर छापला जाण्यासाठी रांगेत उभा आहे. आता कुणी काही छापणार नसतं. निकाल थेट प्रोग्राम वाचणार असतो, आणि त्या इमारतीत प्रिंटर असेलच असंही नाही. तरीही यंत्राच्या लेखी काम संपलं याचा अर्थ छपाईच्या रांगेत लागलं, असाच आहे. आजच्या वेबच्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला आलेलं हे उत्तर १९६०च्या दशकातलं आहे.

मेनफ्रेमवर काम, म्हणजेच जॉब, सोपवून मोकळं व्हायचं असतं. गिरणीत दळणाचा डबा ठेवून यावा, तसं. डबा कधी जात्यावर चढेल ते गिरणीवाला ठरवतो, आपण फक्त मधूनमधून विचारायचं. हे सोपवणं जेसीएल नावाच्या भाषेत होतं. तिची ओळ ८० अक्षरांची, कारण पंचकार्डावर ८० रकाने असत. पहिल्या ओळीत दोन तिरप्या रेघा आणि जास्तीत जास्त आठ अक्षरांचं जॉबचं नाव. ते नाव आपण ठेवतो. क्रमांक मात्र यंत्र देतं. एकाच नावाचे दहा जॉब एका वेळी असू शकतात, म्हणून प्रोग्रामनं पहिल्या क्षणी जपून ठेवायची गोष्ट म्हणजे तो क्रमांक.

हा सगळा कारभार सांभाळणाऱ्या भागाचं नाव जेस-टू. आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत ह्यूस्टनला, नासाच्या मानवी अंतराळयान केंद्रासाठी काम करणाऱ्या आयबीएमच्या मंडळींनी एक प्रोग्राम लिहिला: ह्यूस्टन ऑटोमॅटिक स्पूलिंग प्रायॉरिटी, थोडक्यात हॅस्प. कार्डं वाचणारं यंत्र आणि प्रिंटर दोन्ही संथ, गणन करणारं यंत्र मात्र भलतंच वेगवान. त्या वेगवान यंत्राला ताटकळत ठेवायचं नाही, म्हणून आलेली कामं आधी डिस्कवर उतरवून घ्यायची, निकालही डिस्कवर ठेवायचे आणि सवडीनं छापायचे, ही हॅस्पची कामगिरी. पुढे फोनच्या तारेवरून दूरच्या गावातूनही कार्डांचा गठ्ठा वाचून पाठवता येऊ लागला आणि निकाल तिथल्याच प्रिंटरवर उतरू लागला. जेस-टू हा याच हॅस्पचा वंशज. आजही झेड/ओएस ही ऑपरेटिंग सिस्टम आणि जेस-टू असलेल्या कुठल्याही मेनफ्रेमवर जॉब सुरू झाला, की डॉलर-हॅस्प-३७३ असा संदेश उमटतो आणि संपला की डॉलर-हॅस्प-३९५. चांद्रमोहिमांच्या काळातलं ते नाव रोज रात्री बँकांच्या कन्सोलवरून सरकत असतं, आणि बघणाऱ्याला त्याचं काही वाटतही नाही.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते मात्र वेगळंच. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नेमकं राहतं कुठे? जेस-टू सगळ्या जॉबची यादी एका छोट्या, सतत ताज्या ठेवलेल्या नोंदवहीत लिहितो. तिला चेकपॉइंट म्हणतात. कोण रांगेत आहे, कोण चालू आहे, कुणाचं झालं, हे त्यात. ही एकच वही ३२ पर्यंत वेगवेगळ्या यंत्रणा मिळून वापरू शकतात. प्रत्येक जण आपल्या पाळीला ती हातात घेतो, बदल लिहितो आणि पुढच्याला देतो. त्यामुळे तुमचा जॉब तिसऱ्या यंत्रणेवर चालू असला आणि तुम्ही सातव्या यंत्रणेला विचारलंत, तरी उत्तर बरोबर येतं. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली, तरी रांगेतले जॉब रांगेतच असतात. वीज गेली म्हणून आपला नंबर गेला, असं इथे होत नाही. ही शिस्त ज्यांनी घालून दिली, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

विचारायच्या वाटा अनेक. ऑपरेटर कन्सोलवरून आज्ञा देतो, टर्मिनलवर बसलेला माणूस एसडीएसएफच्या पडद्यावर बघतो. एफटीपीची वाट गमतीशीर आहे. फाइलचा प्रकार ‘जेस’ आहे असं आधी सांगून ठेवलं, की पाठवलेली फाइल साठवली जात नाही, जॉब म्हणून रांगेत लागते आणि तिचा क्रमांक उत्तरात परत येतो. मग फोल्डरची यादी मागायची त्याच आज्ञेनं जॉबची यादी मिळते. पण तिची साधी मांडणी फक्त तेच जॉब दाखवते, ज्यांचं नाव म्हणजे तुमचा यूजर आयडी आणि पुढे एक अक्षर. नावाचा हा नियम माहीत नसलेला नवखा तासभर रिकामी यादी बघत बसतो. झेड/ओएसएमएफ या झेड/ओएसच्या व्यवस्थापन साधनाची रेस्ट सेवा ही आजची रुळलेली वाट. वेबच्या पत्त्यात जॉबचं नाव आणि क्रमांक घालायचा, उत्तर जेसनमध्ये येतं. २०१८ साली सुरू झालेल्या झोवे या मुक्तस्रोत प्रकल्पानं त्यावर साध्या आज्ञांचा साज चढवला, आणि ज्यांनी मेनफ्रेम कधी डोळ्यांनी पाहिला नाही अशा मुलामुलींनाही तो हाताळता येऊ लागला.

उत्तर आलं, आता ते वाचायचं. स्थिती तीनच: इनपुट, अ‍ॅक्टिव्ह, आउटपुट. आउटपुट म्हणजे संपलं, एवढंच. नीट झालं की बिघडलं, ते निकालाच्या रकान्यात. जॉब चालू असेपर्यंत तो रकाना रिकामा असतो. रिकामा म्हणजे शून्य नव्हे! घाईत लिहिलेला प्रोग्राम दोन्ही एकच धरतो आणि अजून रांगेत असलेल्या कामाला यशस्वी ठरवून पुढचं काम सुरू करतो. प्रघात असा, की ०००० म्हणजे सुखरूप, ०००४ म्हणजे इशारा, ०००८ आणि पुढे म्हणजे गडबड.

कधी तिथे लिहिलेलं असतं अबेंड एस०सी७, म्हणजे जॉब मध्येच कोसळला. बोलताना सगळे त्याला सॉक-सेव्हन म्हणतात. मेनफ्रेम रकमा पॅक्ड डेसिमल पद्धतीनं ठेवतो: प्रत्येक अंकाला अर्धा बाइट, आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात अधिक-उणे चिन्ह. समजा, रकमेच्या जागी चुकून नुसत्या मोकळ्या जागा आल्या. मेनफ्रेमच्या वर्णमालेत मोकळ्या जागेचा सांकेतिक आकडा ४०. म्हणजे चिन्हाच्या जागी आलं ०. चिन्ह म्हणून फक्त ए ते एफ चालतात, तिथे शून्य बघून बेरीज करणारा हार्डवेअरच थांबतो आणि कारण क्रमांक ७ नोंदवतो. हा सात सिस्टम/३६० च्या आराखड्यात ठरला, आणि आज जेसनच्या उत्तरात जसाच्या तसा येऊन बसतो. कुणीतरी कुठेतरी एक रकाना कोरा सोडला, ही बातमी त्या एका आकड्यात असते.

शून्याचीही परीक्षा घ्यायला हवी. निकालाचा आकडा जॉबमध्ये चाललेला प्रोग्राम स्वतःच प्रोसेसरच्या रजिस्टर १५ मध्ये ठेवून जातो, म्हणजे ते त्याचं स्वतःबद्दलचं प्रमाणपत्र. आयईएफबीआर१४ नावाचा एक प्रसिद्ध प्रोग्राम आहे, त्याचं काम काहीही न करणं. मूळ रूपात त्यात एकच सूचना होती: आलास तसा परत जा. पण जाताना रजिस्टर १५ पुसायचं राहून गेलं होतं, त्यामुळे काहीच न केलेल्या प्रोग्रामचा निकाल मात्र भलताच आकडा यायचा. शून्य ठेवणारी सूचना पुढे जोडावी लागली. उलटही घडतं. चुकीची फाइल वाचून, चुकीच्या रकमा लिहून एखादा प्रोग्राम ०००० ठेवून निघून जातो. ते कळायचं तर जॉबचा छापील मजकूर मागवून नोंदींची संख्या पडताळायला हवी. त्याच रेस्ट सेवेतून तोही मिळतो, आणि मला वाटतं, तो न वाचणारा प्रोग्राम अर्धंच काम करतो.

सगळ्यात फसवं उत्तर म्हणजे ‘असा जॉब नाही’. तो कधी आलाच नसेल, किंवा सुरळीत संपून, निकाल काढून घेतल्यावर यादीतून पुसला गेला असेल. पुसलेला क्रमांक काही काळानं दुसऱ्याच जॉबला मिळतो, म्हणून जुन्या क्रमांकावर भलत्याचीच खबर येऊ शकते. यावर उतारा म्हणून प्रत्येक जॉबला ६४ अक्षरांची आणखी एक ओळख असते, तिला कोरिलेटर म्हणतात. दीर्घकाळ नोंदी ठेवायच्या असतील, तर ती जपावी.

आणि किती वेळा विचारायचं? मेनफ्रेमवर प्रोसेसरच्या वापराचा हिशेब राहतो आणि कित्येक परवान्यांचं बिल त्यावरच ठरतं, तेव्हा दर सेकंदाला ‘झालं का?’ विचारणं महागात पडतं. सुरुवातीला लवकर, मग वाढत्या अंतरानं विचारावं. त्याहून चांगली सोय म्हणजे जॉब पाठवतानाच आपला एक वेबपत्ता सोबत द्यायचा. काम संपलं की झेड/ओएसएमएफ स्वतः त्या पत्त्यावर निकाल कळवतो. फक्त तो निरोप आला त्या घडीला आपला सर्व्हर बंद असेल तर निरोप हुकतो. म्हणून जाणकार मंडळी निरोपाची सोय करतात आणि ठरलेल्या वेळेपर्यंत तो आला नाही, तर क्रमांक घेऊन स्वतःहून विचारायची तजवीजही ठेवतात.