घाट चढणारी आगगाडी आणि न्यूटनचे गतिनियम

मुंबईहून पुण्याकडे जाणारी बहुतेक लांब पल्ल्याची आगगाडी कर्जत स्थानकात थांबते, तेव्हा तिच्या मागील टोकास आणखी इंजिने जोडली जातात. लोणावळ्यापर्यंत ती गाडीस मागून रेटीत नेतात आणि तेथून परत फिरतात. रेल्वेच्या भाषेत त्यांस ‘बँकर’ असे म्हणतात. हा प्रकार नित्याचा असल्यामुळे त्याचे कोणास फारसे नवल वाटत नाही. परंतु सपाटीवर एकाच इंजिनाच्या बळावर धावणाऱ्या गाडीस घाटात दोन-तीन इंजिने का लागावीत, आणि साह्याची इंजिने पुढे न लावता मागे का लावावीत, या प्रश्नांचा विचार करू लागले म्हणजे न्यूटनचे तिन्ही गतिनियम एकामागून एक उपयोगी पडू लागतात. गाडी आणि तिच्यातील प्रवासी यांची सुरक्षितता याच नियमांच्या योग्य उपयोगावर अवलंबून असते.

बोरघाटातील हा लोहमार्ग इ. स. १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनी त्याची आखणी केली. मार्गाच्या बांधणीत हजारो मजूर रोगराईने व अपघातांनी मृत्युमुखी पडले. सुमारे २५ किलोमीटर अंतरात हा मार्ग साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची गाठतो. त्यातील तीव्रतम चढ ३७ स १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर अंतर कापले असता गाडी १ मीटर वर चढते. पायी चालणाऱ्यास हा चढ क्षुल्लक वाटेल; आगगाडीस मात्र तो फार मोठा आहे. असे का, हे पुढील हिशेबावरून कळून येईल.

हिशेबासाठी प्रेरणेचे एकक म्हणून ‘टन-भार’ घेणे सोयीचे आहे. एक टन वस्तुमानाचे पृथ्वीवरील वजन म्हणजे एक टन-भार, अर्थात् सुमारे ९,८०० न्यूटन. समजा, डब्यांचे एकूण वस्तुमान १,००० टन आहे. सपाट मार्गावर मंद वेगाने चालताना चाके, धारवे व हवा यांचा प्रतिरोध दर टनास अडीच किलोग्रॅम-भार धरला, तर सर्व डब्यांस मिळून तो अवघा अडीच टन-भार होतो. पोलादी रुळावरून फिरणाऱ्या पोलादी चाकाचा मोठा गुण तो हाच. पण ३७ स १ या चढावर डब्यांच्या वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे २७ टन-भार, त्यांना उताराच्या दिशेने मागे ओढू लागतो. एकूण विरोध साडेएकोणतीस टन-भार होतो. सपाटीच्या मानाने तो जवळजवळ बारापट झाला.

येथे एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. गाडी चढ चढत आहे त्या अर्थी पुढे ओढणारी प्रेरणा मागे ओढणाऱ्या प्रेरणेहून अधिक असलीच पाहिजे, असे अनेकांस वाटते. वस्तुतः गाडी एकसारख्या वेगाने सरळ मार्गावर जात असेल, तर दोन्ही प्रेरणा अगदी समसमान असतात. परिणामी प्रेरणा शून्य असली म्हणजे वस्तू स्थिर तरी राहते किंवा एकसमान गतीने सरळ रेषेत जात राहते, हाच १६८७ साली ‘प्रिन्सिपिआ’ ग्रंथात मांडलेला पहिला नियम होय. अधिक प्रेरणा लागते ती वेग वाढविण्यासाठी. वेग टिकविण्यासाठी विरोधाची बरोबरी झाली की पुरे.

ही प्रेरणा गाडीस देतो कोण? ‘इंजिन’ हे उत्तर अपुरे आहे. इंजिनातील यंत्रे चाक फिरवितात. पण इंजिनाच्या पोटातील कोणतीही प्रेरणा संबंध इंजिनास पुढे नेऊ शकत नाही, जसे नावेत बसलेल्या मनुष्याने नावेचाच काठ रेटला तर नाव हलत नाही. फिरणारे चाक रुळास मागे रेटते, आणि तिसऱ्या नियमानुसार रूळ चाकास तितक्याच जोराने पुढे रेटतो. गाडीस पुढे नेणारी बाहेरची प्रेरणा ती हीच. घोडा दगड ओढतो तेव्हा दगडही घोड्यास तितकाच मागे ओढतो, हे उदाहरण स्वतः न्यूटनने दिले आहे. मग घोडा पुढे कसा जातो, अशी शंका विद्यार्थी वारंवार विचारतात. क्रिया व प्रतिक्रिया या भिन्न वस्तूंवर घडतात, म्हणून त्या एकमेकींस रद्द करीत नाहीत. घोड्याचे पुढे जाणे हे जमीन त्याच्या खुरांस किती रेटते यावर ठरते. इंजिनाचे पुढे जाणे रुळावर.

परंतु रूळ अमर्याद रेटा देऊ शकत नाही. चाक व रूळ यांमधील घर्षणास मर्यादा आहे, आणि ती इंजिनाच्या वजनाच्या प्रमाणात असते. कोरड्या रुळावर ती वजनाच्या सुमारे चतुर्थांश धरता येते. समजा, इंजिन १२० टनांचे आहे; तर रुळापासून त्यास फार तर ३० टन-भार रेटा मिळेल. त्याला डब्यांबरोबर स्वतःचेही वजन वर न्यावयाचे असते. म्हणजे १,१२० टनांसाठी सुमारे ३३ टन-भार हवा आणि मिळू शकतो ३०. इंजिनाची अश्वशक्ती कितीही वाढविली, तरी हे तीन टन त्यातून निघत नाहीत. चाके जागच्या जागी फिरू लागतील इतकेच.

दोन इंजिने लावली तर गरज ३७ टन-भारांच्या आसपास जाते, आणि कोरड्या रुळावर ६० टन-भार रेटा उपलब्ध होतो. पण घाटात पाऊस असतो. ओल्या रुळावर घर्षणाची मर्यादा वजनाच्या पंधरा शतांशांवर आली, तर दोन इंजिनांस मिळून ३६ टन-भारच मिळतात. गाडी थोडक्यासाठी अडते. तीन इंजिने असली तर गरज ४० आणि मर्यादा ५४ टन-भार होते. हा अधिकचा वाटा व्यर्थ नाही. गाडी चढावर थांबल्यास ती पुन्हा सुरू करावी लागते. दुसऱ्या नियमानुसार १,३६० टन वस्तुमानास दर सेकंदास सेकंदाला ५ सेंटिमीटर इतका अल्प प्रवेग द्यावयाचा, तरी आणखी ७ टन-भार लागतात. एकूण ४७ झाले, आणि तरीही ते मर्यादेच्या आत आहेत. चाक घसरू लागले असता चालक चाकांपुढे रुळावर वाळू सोडतो व यंत्राचा जोर कमी करतो. जोर कमी करणे हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. पण घसरणाऱ्या चाकाचे घर्षण न घसरणाऱ्या चाकाहून कमी असते, म्हणून घसरण थांबविणे हेच हिताचे.

आता इंजिने मागे का जोडतात ते पाहू. तिन्ही इंजिने पुढे असती तर डब्यांस लागणारे साडेएकोणतीस टन-भार पहिल्या डब्याच्या जोडणीतूनच जावे लागले असते. मागे दोन इंजिने ठेवून तिघांनी सारखा वाटा उचलला, तर पहिल्या जोडणीवरील ताण सुमारे १० टन-भार इतकाच राहतो. तेव्हा पुढील एक-तृतीयांश डबे ओढले जातात आणि उरलेले रेटले जातात. दुसरा लाभ याहून मोठा आहे: एखादी जोडणी तुटलीच, तर सुटलेल्या डब्यांच्या मागे इंजिने उभी असतात आणि डबे उतारावर निसटत नाहीत.

घाट उतरताना प्रश्न उलट होतो. चढताना मागे ओढणारे २७ टन-भार आता गाडीस पुढे लोटतात. ब्रेक मुळीच नसते, तर प्रतिरोध वजा जाता गाडीचा वेग दर सेकंदास सेकंदाला सुमारे २४ सेंटिमीटरांनी वाढला असता. थांबलेली गाडी मिनिटाभरात ताशी ५२ किलोमीटर वेगावर, तर दोन मिनिटांत शंभरावर पोहोचली असती. गाडी जड असो वा हलकी, हा प्रवेग बदलत नाही. जड गाडीस आवरण्यास मात्र त्याच प्रमाणात अधिक प्रेरणा लागते. हजार टन साडेपाचशे मीटर खाली आणताना मुक्त होणारी ऊर्जा जवळजवळ दीड हजार युनिट विजेइतकी असते. तिचा थोडा भाग प्रतिरोधात खर्च होतो. उरलेला ब्रेकमध्ये उष्णतारूपाने जिरवावा लागतो, किंवा तशी सोय असलेले विजेचे इंजिन तो विजेच्या रूपाने तारेत परत पाठविते. म्हणूनच उतरणाऱ्या गाडीचा वेग आरंभापासूनच मर्यादित ठेवावा लागतो. तो एकदा वाढल्यावर आवरणे फार कठीण.

एवढे करूनही ब्रेक निकामी झाले तर? त्यासाठी घाटमार्गावर ठिकठिकाणी मुख्य रुळापासून फुटून डोंगराकडे चढत जाणारे आडमार्ग ठेवलेले असतात. त्यांचे सांधे एरवी आडमार्गाकडेच वळविलेले असतात. उतरणारी गाडी ताब्यात असल्याची खात्री पटल्यावरच सांधा मुख्य मार्गास जोडला जातो. ताशी ५२ किलोमीटर वेगाने सुटलेली गाडी २० स १ अशा चढाच्या आडमार्गावर गेली, तर कोणत्याही ब्रेकवाचून ती सुमारे २०० मीटरांत थांबेल. तिला पळविणारे गुरुत्वाकर्षणच तेथे तिला अडविते.

गतिनियम पाठ असणे आणि ते लागू करता येणे यांत अंतर आहे. ते तोडण्याचा मार्ग बोरघाटाच्या या हिशेबातून दिसतो. प्रथम वस्तू कोणती ते ठरवावे, मग बाहेरून तिच्यावर कोण किती प्रेरणा लावतो ते मोजावे, आणि त्या प्रेरणेची कमाल मर्यादा कोठे आहे ते शोधावे. कर्जतला जोडली जाणारी इंजिने, चाकाखाली पडणारी वाळू आणि डोंगरात शिरलेला रिकामा आडमार्ग ही सर्व या एकाच विचारपद्धतीची फळे आहेत.