कागदाला गोलाई देणारी लांबी

चित्रपटांतील आणि व्हिडिओ गेममधील पात्रांचा वेश स्वतः घडवून तो मिरवण्याचा छंद जगभर कॉस्प्ले या नावाने ओळखला जातो आणि भारतात २०११ मध्ये दिल्लीत सुरू होऊन पुढे मुंबईसह इतर शहरांत पोहोचलेल्या कॉमिक कॉन या मेळाव्याने त्याला मोठे व्यासपीठ दिले. या वेशातील सर्वांत अवघड भाग म्हणजे शिरस्त्राण. ‘हेलो’ या २००१ च्या गेममधील मास्टर चीफचे किंवा २००८ च्या चित्रपटातील आयर्न मॅनचे शिरस्त्राण घरी करू पाहणारे अनेक जण आरंभ जाड कागदापासून करतात, कारण कागद स्वस्त असतो, घरच्या प्रिंटरवर छापता येतो आणि चुकलेला तुकडा पुन्हा छापून घेता येतो. जपानच्या टामा सॉफ्टवेअरने तयार केलेल्या ‘पेपाकुरा डिझायनर’सारख्या संगणकप्रणाली त्रिमितीय आकृती उलगडून तिचे सपाट तुकडे करतात आणि त्या तुकड्यांवर घड्यांच्या रेषा व चिकटवण्यासाठी सोडावयाच्या कडा आखून देतात. चौरस मीटरला १८० ते २०० ग्रॅम वजनाच्या कागदावर हे तुकडे छापून, कापून, जोडले की आकार उभा राहतो. मात्र तो हाताने दाबला तर चेपतो, दमट हवेत मऊ पडतो आणि जवळून पाहता त्रिकोणी व चौकोनी पैलूंनी भरलेला दिसतो.

हे पैलू कारागिराच्या हलगर्जीपणाचे फळ नाहीत. कागद वाकतो, पण ताणला जात नाही. म्हणून त्याचा नळा किंवा शंकू करता येतो, घुमट करता येत नाही. गोलाचा पृष्ठभाग फाडल्याशिवाय किंवा ताणल्याशिवाय सपाट अंथरता येत नाही, हे संत्र्याची साल टेबलावर दाबून पाहणाऱ्या कोणालाही कळते आणि कार्ल फ्रिडरिश गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये वक्रतेविषयीच्या प्रमेयातून ते सिद्धही केले. संगणकप्रणाली या अडचणीतून सुटण्यासाठी घुमटाच्या जागी लहान-लहान सपाट त्रिकोणांची जाळी बसवते. जव्हार-मोखाडा परिसरात बोहाड्याच्या सोंगांसाठी होणाऱ्या कागदी लगद्याच्या मुखवट्यांना ही अडचण येत नाही, कारण ओला लगदा हवा तसा वळतो. छापील कागदाला हे स्वातंत्र्य नसल्यामुळे त्याची गोलाई बाहेरून, दुसऱ्या पदार्थाने भरून काढावी लागते. त्यासाठी कागदावर चढवले जाणारे रेझिन आणि लांबी (म्हणजे पुट्टी) यांचे काम केवळ मजबुती आणि सफाई देण्याचे आहे असा समज सर्रास आढळतो, परंतु शिरस्त्राणाचा खरा आकार कात्री आणि डिंकाने घडत नसून त्यांच्या नंतर हातात येणाऱ्या पॉलिश पेपरने घडतो, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

तरीही मजबुतीला पहिला मान द्यावा लागतो. या कामी बहुधा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. हा मधासारखा दाट द्रव म्हणजे पॉलिएस्टरच्या लांब साखळ्यांचे स्टायरीन या द्रवातील द्रावण होय. त्यात बाजारात कॅटॅलिस्ट म्हणून विकले जाणारे पेरॉक्साइड शेकडा एक ते दोन या प्रमाणात मिसळले की स्टायरीनचे रेणू शेजारच्या साखळ्यांना आडवे बांधू लागतात, उष्णता बाहेर पडते आणि साधारण पाव तासात द्रवाचा जेलीसारखा गोळा होतो; कडक उन्हाळ्यात ही मुदत आणखी आखडते, म्हणून एका वेळी वाटीभरापेक्षा अधिक रेझिन कालवू नये. आपल्याकडील दुकानांत रेझिनसोबत अनेकदा जांभळट कोबाल्टची आणि रंगहीन कॅटॅलिस्टची अशा दोन बाटल्या मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्णपणे ढवळावे आणि त्यानंतरच कॅटॅलिस्ट घालावे, हा क्रम कोणत्याही कारणाने मोडू नये, कारण हे दोन द्रव थेट एकत्र आले तर भडका उडतो किंवा स्फोट होतो. कॅटॅलिस्टचा एखादा थेंबही डोळ्याची कायमची हानी करू शकतो. स्टायरीनची वाफ साध्या कापडी किंवा धूळरोधक मुखपट्टीने अडत नाही. तिच्यासाठी सक्रिय कोळशाच्या डब्या असलेला मुखवटा, हातमोजे, चष्मा आणि उघडी गच्ची यांची तजवीज हवी. बंद खोलीत हे काम करणे अविचाराचे आहे.

रेझिनचा पहिला हात बाहेरून आणि पातळ द्यावा. कागदाचे तंतू ते शोषून घेतात व वाळल्यावर पुठ्ठ्याला टणकपणा येतो, परंतु वाळण्याआधीचा काळ नाजूक असतो, कारण भिजलेला कागद स्वतःच्या वजनाने झुकतो आणि रेझिन घट्ट होताना आकसते. त्यामुळे जबड्याच्या उघड्या बाजूला आतून लाकडी काड्यांचे आडवे टेकू लावून ठेवणारे कारागीर शहाणे ठरतात. एकदा वेडावाकडा सुकलेला जबडा पुन्हा सरळ होत नाही. बाहेरचे कवच कडक झाले की आतून काचतंतूंची चटई लहान तुकड्यांत फाडून रेझिनने बसवतात. कापलेल्या तुकड्यांच्या धारदार कडा उठून दिसतात, तर फाडलेल्या तुकड्यांचे तंतू एकमेकांत मिसळतात. काही जण चटईऐवजी रेझिन आणि लांबी यांचे पातळ मिश्रण आत ओतून शिरस्त्राण फिरवत राहतात. ही पद्धत सोपी असली तरी वजन वाढवते आणि तंतूंची चिवटता देत नाही. पॉलिएस्टरचा वरचा थर कधीकधी दिवस उलटला तरी चिकट राहतो. हवेतील ऑक्सिजन पृष्ठभागावरील रासायनिक क्रिया रोखून धरतो, हे त्याचे कारण असून ॲसिटोनने भिजवलेल्या फडक्याने तो चिकटपणा पुसता येतो.

यानंतर लांबी. सुतारांची जुनी लांबी खडूची भुकटी आणि जवसाचे तेल यांची असे. येथे वापरायची ती मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानातील पॉलिएस्टर पुट्टी, म्हणजे पॉलिएस्टर रेझिनमध्ये शंखजिऱ्यासारखी बारीक खनिज भुकटी मळून केलेला लगदा. तिचे हार्डनर रंगीत असते, आणि त्याला कारण आहे: मिश्रणात रंगाचे पट्टे दिसेनासे होईपर्यंत ते पसरवत व दाबत राहावे लागते, अन्यथा लांबीचा काही भाग कधीच वाळत नाही. मिश्रण फेटू मात्र नये, कारण त्याने हवेचे बुडबुडे शिरतात आणि घासताना त्यांची छिद्रे उघडी पडतात.

लांबी कोठे भरायची, या प्रश्नाचे उत्तर भूमितीकडे असते. जाळीचे कोपरे मूळ गोलाईवर टेकलेले असतात आणि त्रिकोणांची पोटे तिच्याखाली दबलेली असतात. १३ सेंटिमीटर त्रिज्येच्या घुमटावर ३ सेंटिमीटर बाजूचा त्रिकोण बसवला, तर त्याचे पोट गोलाईपासून सुमारे १ मिलिमीटर खोल जाते. बाजू ५ सेंटिमीटर असेल तर ही खोली ३ मिलिमीटरच्या पुढे जाते. यातून काम करण्याची दिशा ठरते. कंगोरे घासून पैलू मोडण्याचा प्रयत्न करणारा कारागीर रेझिन आणि कागद कापत थेट काचतंतूंपर्यंत पोहोचतो. पोटे भरून त्यांना कोपऱ्यांच्या पातळीवर आणणाऱ्याला मूळ गोलाई मिळते. अंतर्वक्र भागांत, उदाहरणार्थ गालावरील खाचांत, नेमकी उलट स्थिती असते: तेथे त्रिकोणांची पोटे मूळ पृष्ठभागाच्या बाहेर येतात आणि ती कापता येत नाहीत, म्हणून खाचेच्या तळाशी लांबीची बारीक गोलाई देऊन ती किंचित उथळ होऊ देण्यावर समाधान मानावे लागते. सुमारे २००० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर सरासरी १ मिलिमीटर लांबी राहिली तरी डोक्यावरचे वजन पाव किलोहून अधिक वाढते. संगणकावरच बारीक जाळीचा नमुना निवडल्यास लांबी कमी लागते, पण तुकड्यांची संख्या आणि चिकटवण्याचे कष्ट तितकेच वाढतात.

लांबी पातळ थरांत, लवचीक पट्टीने, वक्रतेच्या दिशेने ओढावी. ती अर्धवट घट्ट झालेली असताना काही मिनिटांची अशी वेळ येते की धारदार पात्याने तिचे काप सहज निघतात. तेव्हा उंचवटे तासून घेतले तर पुढील घासकाम निम्म्याने हलके होते. पूर्ण वाळल्यावर ८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने आकार काढावा आणि मग १२०, २२० असे चढत्या क्रमाने चरे पुसत न्यावेत. कागद नुसत्या बोटांनी धरला तर बोटांच्या दाबाने खळगे पडतात. रबरी किंवा लाकडी ठोकळ्यावर गुंडाळल्यास तो उंचवट्यांवरच घासतो. निघणारी भुकटी बारीक आणि फुफ्फुसाला घातक असल्याने या टप्प्यावरही मुखवटा उतरवू नये.

डोळ्याला न दिसणारे खड्डे शोधण्याची गॅरेजमधील रीत येथेही उपयोगी पडते. राखाडी अस्तराचा हात देऊन त्यावर काळ्या स्प्रेची विरळ फवारणी करतात आणि ३२० क्रमांकाचा वॉटर पेपर पाण्यासह हलका फिरवतात. उंच भागावरील काळे ठिपके लगेच पुसले जातात आणि जेथे काळा रंग तग धरून राहतो तेथे खळगा आहे असे समजावे. खळगा भरून पुन्हा अस्तर, पुन्हा काळी फवारणी, पुन्हा घासणे हा फेरा दोन-तीनदा करावा लागतो, आणि उत्साही नवशिके नेमके येथेच कंटाळून रंगाकडे धावतात. चकचकीत रंग दोष लपवत नाही. प्रकाशाची रेघ त्यावरून फिरताना प्रत्येक उरलेला पैलू तुटक दिसतो. मास्टर चीफचे मळकट हिरवे शिरस्त्राण थोडी हयगय पोटात घालते, आयर्न मॅनचे लाल आणि सोनेरी कवच अजिबात घालत नाही.

रंगाच्या बाबतीत कोकण आणि मुंबईच्या हवेची एक अडचण लक्षात ठेवावी लागते. एन. सी. (नायट्रोसेल्युलोज) रंगातील थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंगावर पांढुरके सावट येते. त्यामुळे पावसाळ्यात फवारणी कोरड्या दिवसासाठी राखून ठेवणे बरे. रंग वाळल्यावर आत स्पंजच्या गाद्या लावतात, पण स्टायरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत शिरस्त्राण हवेशीर जागी उघडे ठेवावे. अशा वस्तूचा टणकपणा भुलवणारा असतो. दुचाकीच्या हेल्मेटला लागू असलेले आय. एस. ४१५१ हे मानक आघात शोषून घेणाऱ्या अस्तराची आणि घट्ट पट्ट्याची अपेक्षा करते. कागद, रेझिन आणि लांबी यांच्या कवचात यांपैकी काहीही नसते, म्हणून ते मेळाव्यापर्यंत पिशवीतूनच न्यावे.