मतपत्राची मिळकत
एकाच व्यक्तीच्या मतांवर उभ्या असलेल्या नियतकालिकाला, म्हणजेच मतपत्राला, वर्गणी (वर्षभराच्या अंकांसाठी वाचकाने आगाऊ भरलेली रक्कम) हाच मुख्य आधार असतो, कारण जाहिरातदार वादापासून दूर राहणे पसंत करतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 पासून ‘निबंधमाले’चे 84 अंक काढले, पण 1879 पर्यंत उपजीविकेला सरकारी शिक्षकाची नोकरी होती. र. धों. कर्व्यांना तोही आसरा उरला नाही: संततिनियमनाच्या प्रचारापायी 1925 मध्ये विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सुटली आणि 1927 मध्ये काढलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या कागद, छपाई व टपालहशिलाच्या खर्चात अश्लीलतेच्या खटल्यांची भर पडली, तरीही कर्व्यांनी ते 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालू ठेवले.