बेल्ट स्वस्त, मजुरी महाग
फेरारीच्या देखभालीला एवढा खर्च का, असं कुणी विचारलं की मी एफ३५५चं उदाहरण देतो. १९९४ ते १९९९ या काळातली गाडी. साडेतीन लिटरचं व्ही८ इंजिन, ४० व्हॉल्व्ह, आणि हे सगळं सीटच्या मागे. टायमिंग बेल्ट केबिनच्या भिंतीला अगदी खेटून. हात शिरायला जागाच नाही. मग बेल्ट बदलायला मागच्या सबफ्रेमसकट अख्खं इंजिन खाली उतरवायचं! तेही दर काही वर्षांनी, गाडी नुसती उभी असली तरी. रबर जुनं होतंच. चालढकल केली आणि बेल्ट तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मग इंजिनच नव्यानं बांधा. (डिझाइन करणाऱ्याने स्वतः कधी पाना धरला नसावा!) जुनी फेरारी स्वस्तात मिळतेय? आधी बेल्ट बदलल्याचं बिल मागा.